परतीच्या रस्त्याची वही

मित्रांनो, मी एक जुनी चौकटींची वही आहे. एकशे ब्याण्णव पाने, निळा पुठ्ठा, दोऱ्याची पक्की शिलाई. कारखान्यात माझ्या अंगावर बारीक निळ्या रेघा आखल्या गेल्या, तेव्हा मला वाटले होते की माझ्या नशिबी गणितेच असणार. पण दुकानाच्या काचेमागे मी दोन वर्षे पडून राहिले. उन्हाने माझा पुठ्ठा एका बाजूने विटला. मुले यायची, एकेरी वह्या घ्यायची, दुरेघी घ्यायची, मला उघडून बघायची आणि परत ठेवायची.

शेवटी मला घेतले एका शिवणकाम करणाऱ्या काकूंनी. कपड्यांच्या कापणीच्या आकृत्या काढायला त्यांना चौकटी हव्या होत्या. माझ्या पहिल्या नऊ पानांवर अजूनही बाह्या, कॉलर आणि खिसे आहेत. दहाव्या पानापासून मात्र तारे सुरू होतात. ते कसे आले, ते ऐका.

काकूंचे यजमान ट्रक चालवत. एकतीस वर्षे त्यांनी लांब पल्ल्याच्या फेऱ्या केल्या. कुठल्या चढावर गाडी तापते, कुठल्या पंपानंतर दीडशे किलोमीटर दुसरा पंप नाही, हे सगळे त्यांच्या डोक्यात असे. बरोबरचे ड्रायव्हर त्यांना 'नकाशा' म्हणत. मग त्यांच्या डोळ्यांत दोष निघाला. नजरेच्या मधोमध धुरकट डाग आला. कडेचे दिसे, समोरचे दिसेना. परवाना गेला. काका घरी बसले आणि दिवसभर दाराकडे तोंड करून राहू लागले.

त्यांची एकुलती एक मुलगी दुसऱ्या शहरात इस्पितळात नर्स होती. सुट्टीला आली तेव्हा तिने एक कॉम्प्युटर आणला आणि त्यात एक खेळ घालून दिला. त्यात एक जहाज असते आणि अथांग अवकाश. एका ताऱ्यावरून उडी मारायची, ती दुसऱ्या ताऱ्यावर.

"खेळ?" काका म्हणाले. "मी काय कुक्कुलं बाळ आहे?"

"बाबा, बघा तरी. यातसुद्धा इंधन संपतं."

एवढे ऐकले मात्र, काका खुर्ची ओढून पुढे बसले.

त्या खेळात जहाज एका उडीत ठरावीक अंतरच जाई. पिवळ्या, नारिंगी, पांढऱ्या ताऱ्यांजवळून गेले की टाकी भरे. मंद तपकिरी ताऱ्यांकडून काहीच मिळत नसे. खेळ स्वतः थोड्या अंतराचाच रस्ता काढून देई. लांब जायचे तर आपले आपण आखावे लागे. आणि भलत्या ठिकाणी टाकी रिकामी झाली, तर जहाज गेले, सारा प्रवास पुसला गेला, पुन्हा घरापासून सुरुवात.

काकांना पडद्यावरचा ताऱ्याचा झगझगाट दिसे, पण त्याचे नाव वाचता येत नसे. म्हणून काकू शेजारी बसू लागल्या. त्या नाव वाचत, काका हो-नाही म्हणत, आणि मग काकू मला पुढे ओढून लिहीत. आकडा, ताऱ्याचे नाव, रंग, इंधन आहे की नाही. शेवटच्या रकान्यात त्या स्वतःच्या मनाचे काहीबाही लिहीत. 'हा शर्टाच्या बटणाएवढा.' 'याच्याजवळ फार वेळ नको, ह्यांचे डोळे दुखतात.'

"जायचं कुठे, ते तू ठरव," काका एकदा म्हणाले.

काकूंनी नकाशा सरकवत सरकवत अगदी कडेचा एक तारा दाखवला. "हा. याच्यापुढे काहीच नाही. तिथून मागे वळून बघू, आपण आलो कुठून ते."

हिशेब लागला दोनशे शहाऐंशी उड्यांचा. काकांनी जहाजावरच्या बंदुका उतरवल्या. "लांबच्या रस्त्याला ओझं नको," ते म्हणाले. रोज दुपारी जेवण झाले की दोन तीन उड्या व्हायच्या. मग काका वामकुक्षी घेत आणि काकू मशीनवर बसत.

एकशे चौसष्टाव्या उडीपाशी गाडी अडली. पुढे तारेच विरळ. तीन उड्यांत इंधन देणारे कोणी नाही आणि टाकी दोनच उड्यांची. अकरा दिवस काकांनी डोके चालवले. डावीकडून पाहिले, उजवीकडून पाहिले. माझी चार पाने खोडाखोडीने काळी झाली. शेवटी काकू म्हणाल्या,

"अहो, तुम्ही जन्मभर रस्त्यावरचे. डावं-उजवंच बघता. कापडाला घडी असते. वर बघा ना जरा."

त्यांनी नकाशा आडवा फिरवला. वरच्या थरात, सगळ्या वाटेपासून दूर, एक पिवळा तारा होता. काकांनी तोच तारा मला लिहायला सांगितला. मग म्हणाले, "एकतीस वर्षं मी क्लीनर चुकीचा घेऊन फिरलो."

काकू हसल्या खऱ्या, पण मग मशीनकडे जाऊन हळूच म्हणाल्या, "मी म्हटलं नव्हतं का कधी, मला घेऊन चला म्हणून? दर फेरीला म्हणायचे."

काकांनी ते ऐकले. 

आता मित्रांनो, मला एक गुपित सांगायचे आहे. काका दुपारी झोपले की काकू मला उलटी करत आणि शेवटच्या पानापासून लिहीत. वर त्यांनी मथळा घातला होता, 'परतीचा रस्ता'. काकांनी फक्त जाण्याचे आखले होते. काकूंनी येण्याचे आखायला घेतले. आलो त्याच वाटेने नाही, दुसऱ्याच. जहाज तोवर थकलेले असेल म्हणून लहान लहान उड्या. वाटेत बघण्यासारखे तारे. 'इथे दोन दिवस थांबायचं.' 'इथे दोन सूर्य आहेत, घाई करायची नाही.' आणि एकतिसाव्या ताऱ्यापुढे लिहिले होते, 'इथून मी चालवणार. ह्यांनी शेजारी बसायचं.'

शेवटच्या ताऱ्यावर पोहोचलो की ही पाने उघडून काकांना चकित करायचे, असा त्यांचा बेत होता.

जहाज दोनशे अकराव्या ताऱ्यावर होते. त्या दुपारी काकूंनी परतीच्या पानावर एकोणसाठ हा आकडा घातला. पुढे 'ओरि' एवढे लिहिले. मग पेन खाली ठेवले आणि छातीवर हात दाबला. चेहरा घामाने भिजला होता. तशातही त्यांनी मला मिटले, मशीनच्या खणात कापडाच्या तुकड्यांखाली सारले, खण बंद केला आणि मगच हाक मारली, "अहो, जरा उठता का?"

खणाच्या अंधारात मी धावपळ ऐकली. शेजाऱ्यांचे आवाज, गाडीचे दार. काकू परत आल्या नाहीत. चार दिवसांनी घरात पुष्कळ माणसे आली आणि हलक्या आवाजात बोलून गेली.

काही आठवड्यांनी काकांनी खण उघडला. चाचपत चाचपत मला काढले. त्यांनी मला उलटी धरली होती. परतीचा रस्ताच त्यांच्यासमोर उघडला होता! काकू पेन दाबून लिहीत. काकांनी त्या ओळींवरून बोटे फिरवली, अक्षरांचे खळगे चाचपले. त्यांना वाटले, जाण्याचीच पाने आहेत. मला ओरडून सांगावेसे वाटत होते. पण वहीला आवाज कुठला? त्यांनी मला मिटले आणि स्वयंपाकघरात नेऊन ठेवले.

पुढचे वर्ष मी ओट्यावर काढले. काकांना स्वयंपाकाची सवय नव्हती. गरम पातेले कुठे ठेवावे ते समजेना, म्हणून ते माझ्यावर ठेवत. पुठ्ठ्यावर काळा गोल उमटला. तेलाचे ओघळ आले. कॉम्प्युटरवर धुळीचा थर चढला. मुलगी फोनवर म्हणे, "बाबा, उड्या चालू आहेत ना?" काका म्हणत, "हो हो." जहाज मात्र दोनशे अकराव्यावरच उभे होते.

मुलगी पंधरा दिवसांची रजा घेऊन आली आणि घर आवरायला लागली. जुने कागद, डबे, आईच्या कापणीचे तुकडे. रद्दीच्या ढिगावर मलाही ठेवले.

"बाबा, ही वही टाकू?"

"टाक," काका म्हणाले. "वाचणार कोण आता?"

तिने मला उचलले, गठ्ठ्यात बसेना म्हणून उलटे केले, आणि मागचे पान उघडले. ती उभ्या उभ्या वाचू लागली. मग खाली बसली.

"बाबा, आईने परतीचा रस्ता काढलाय."

"कसला परतीचा?"

तिने एकेक ओळ वाचून दाखवली. एकतिसाव्या ताऱ्यापाशी ती थांबली. काका म्हणाले, "वाच." तिने वाचले. काकांनी तोंडावर हात घेतला. त्यांचे खांदे हलत होते. मुलीने मला मांडीवर ठेवून एका हाताने त्यांची पाठ धरली.

मग डोळे पुसून ते म्हणाले, "हा रस्ता सुरू कुठून होतो?"

"शेवटच्या ताऱ्यापासून."

"मग तिथवर जायला हवं."

उरलेल्या पंचाहत्तर उड्या त्यांनी मिळून केल्या. रजेत चाळीस झाल्या. ती जाताना मला बरोबर घेऊन गेली, आणि दर रविवारी सकाळी फोनवरून एकेक नाव आणि कुठली कळ दाबायची ते सांगू लागली. शेवटच्या ताऱ्यावर पोहोचल्यावर काकांनी जहाज वळवले. पडद्यावर सगळे तारे एका धुरकट पट्ट्यात गोळा झाले होते.

"काय दिसतंय, बाबा?"

"कडेकडेचं दिसतंय थोडं," काका म्हणाले. "तू सांग. पडद्याचा फोटो पाठवलाय ना तुला?"

तिने सांगितले. मग काकूंचा रस्ता सुरू झाला. जिथे दोन दिवस थांबायचे तिथे काका दोन दिवस थांबले. एकतिसावा तारा आला तेव्हा मुलगी मुद्दाम घरी आली. खुर्चीवर ती बसली, काका शेजारी. पुढच्या सगळ्या उड्या, ती आली की तिनेच मारायच्या, असे ठरले.

काल परवाच अठ्ठावन्नावा तारा आला. माझ्यात पुढे फक्त 'ओरि' आहे. मुलीने नकाशा शोधला. एका उडीच्या टप्प्यात त्या अक्षरांनी सुरू होणारे तारे निघाले नऊ. नऊपैकी सहांकडे इंधनही आहे.

"बाबा, यातला आईने कुठला घेतला असता?"

काका विचार करत राहिले. काकू कुठल्या रंगाला भुलत, वळण घेत की सरळ जात, ते आठवू पाहत होते. आठवायला चाळीस वर्षांचा संसार होता, आणि त्यातली एकतीस वर्षे ते फेरीवर होते.

"मला नाही गं माहीत," ते म्हणाले.

"मलाही नाही."

त्यांनी कॉम्प्युटर बंद केला. जहाज तिथेच आहे. मी मेजावर उघडी पडले आहे, आणि एकोणसाठ आकड्यापुढची माझी ओळ अजून कोरी आहे. ती कोणी भरेल की नाही, मला ठाऊक नाही. मी वही आहे. माझ्यात लिहिले जाते तेवढेच मला कळते.

तुमच्या घरीही शेजारी बसून निमूटपणे दुसऱ्याचे लिहून घेणारे कोणी असेल. मित्रांनो, आज त्यांना एवढे विचारा, 'तुला कुठे जायचंय?' आणि ते माणूस बोलू लागले की मध्ये उठू नका.