सांडलेली काहील

पूर्वी सोनबाला राग आला की तो हाताला येईल त्यानं मारायचा. मोटेचा नाडा तुटला म्हणून एकदा त्यानं सख्ख्या भावाचे दात पाडले होते. पुढं त्यानं आणि कुशाबाईनं बारामतीच्या पाळकांकडून बाप्तिस्मा घेतला. तेव्हापासून सोनबानं स्वतःला एक सवय लावली. काही बिघडलं की आधी गप्प राहायचं आणि मनातल्या मनात क्रुसावरच्या येशूकडं बघायचं. चुलीकडची भिंत कोसळून जातं फुटलं तेव्हा कुशाबाई रडायला लागली. सोनबा म्हणाला, "त्यानं आपल्यापायी खिळं सोसलं. जात्याचं काय घेऊन बसलीस?"

"मग दळण दळायला त्यो येणार हाय का?" ती म्हणाली, पण रडता रडता हसली.

त्रेपन्न सालच्या हिवाळ्यात सोनबा कोऱ्हाळ्याला सर्जेरावांच्या गुऱ्हाळावर गुळव्या होता. पाक कधी उतरवायचा हे तो सांगायचा आणि चौघं मिळून काहील, रस उकळायची मोठी कढई, उचलायचे. त्या दुपारी उचलणाऱ्यांत बिरदेव नावाचा गडी होता. उसाच्या चिपाडावरून त्याचा पाय घसरला, काहील कलली आणि उकळता पाक भस्सकन खाली आला. अर्धा मातीत गेला, अर्धा बिरदेवाच्या नडगीवर. तो किंचाळत आडवा झाला. पाक कातडीला चिकटला होता. पुसायला गेला तर कातडीच हातात आली.

सर्जेराव खोपीतून धावत आले. त्यांनी आधी जमिनीवरचा पाक बघितला.

"भाड्या, सगळी काहील घालवलीस!" त्यांनी चुलवाणाच्या भट्टीजवळचा दांडा उचलला आणि पडलेल्या बिरदेवाच्या पाठीत घातला. दुसरा तडाखा खांद्यावर बसला. हाड मोडल्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला. कुणी जागचं हललं नाही.

सोनबा मधे शिरला. "सर्जेराव, गूळच सांडलाय. उद्या दुसरा हुईल. माणूस मरंल की!"

"तू मला शिकवणार?" दांडा सोनबाच्या कपाळावर बसला. डोळ्यांत रक्त उतरलं.

मग जे झालं ते सोनबाच्या ध्यानीमनी नव्हतं. त्यानं सर्जेरावांचा गळा धरला, त्यांना मागं रेटत नेलं आणि चुलवाणाच्या तोंडाशी वाकवलं. आत उसाचं पाचट धडाडत होतं. सर्जेरावांचे पाय माती उकरत होते, घशातून घरघर येत होती. मिशा जळाल्या, कान लाल होऊन फुगला. केस जळल्याचा वास आला, आणि सोनबाला बरं वाटलं. मनापासून बरं वाटलं.

त्या बरं वाटण्यानंच तो हादरला. फुटलेलं जातं, पडलेली भिंत, सांडलेला गूळ, सगळं त्यानं येशूपुढं ठेवून लहान केलं होतं. आपला राग मात्र त्यानं कधी ठेवलाच नव्हता. ज्या येशूनं मारणाऱ्यांवर हात उचलला नाही, त्याचं नाव घेणारा आपण एका माणसाला जाळतोय.

"येशू, सोडव," तो मोठ्यानं ओरडला आणि त्यानं हात काढले. सर्जेराव राखेत बसून खोकत राहिले.

सोनबानं बिरदेवाला बैलगाडीत घातलं. कालव्याच्या कडेनं बारामतीच्या दवाखान्यापर्यंत बिरदेव प्रत्येक धक्क्याला ओरडत होता आणि सोनबाच्या कपाळातलं रक्त कासऱ्यावर ठिबकत होतं.

दुसऱ्या दिवशी तो सर्जेरावांच्या दारी निघाला, तेव्हा कुशाबाईनं त्याचा दंड धरला. "तितं जाऊ नगासा. जीव घेतील तुमचा."

"मी बी त्यांचा घेत हुतो," सोनबा म्हणाला.

सर्जेराव ओसरीवर बसले होते. कानाला तूप लावलेलं होतं. दोन गडी काठ्या घेऊन उठले. सोनबा अंगणातच थांबला.

"तुमाला जाळत हुतो मी. ती माझी चूक. माफी मागाय आलोय. पर बिरदेवाचं हाड मोडलं ती चूक तुमची हाय, सर्जेराव. ती मी माझ्या अंगावर घेणार न्हाय."

एका गड्यानं त्याच्या गुडघ्यावर काठी मारली. सोनबा खाली बसला. हात वर उचलला गेला, तसा त्यानं तो मातीत घट्ट रोवला. गड्यानं पुन्हा काठी उगारली.

"बास," सर्जेराव म्हणाले. ते त्या मातीत रोवलेल्या मुठीकडं बघत होते. "जा तू. माझ्या गुऱ्हाळावर पाय ठेवू नगंस."

सोनबा लंगडत घरी आला. पुढं त्यानं दुसऱ्या गावच्या गुऱ्हाळावर काम धरलं. बिरदेवाचा खांदा वाकडाच जुळला, पण पाय वाचला. मलमपट्टीला त्याला बारामतीला न्यायला एका सकाळी सर्जेरावांची गाडी बिरदेवाच्या दारात येऊन उभी राहिली. गाडीवानाबरोबर सर्जेरावांनी काही निरोप धाडला नव्हता. गाडीत पेंढ्यावर जाड वाकळ अंथरली होती, धक्के लागू नयेत म्हणून.