उसना हात

मेडिकलला पहिल्या वर्षी अभ्यासाला खरी हाडं लागत. अख्खा सांगाडा कुणी एकटा घेत नसे, दोघांत एक घ्यायचा. माझा भागीदार होस्टेलमधला तुलाराम. उजवी बाजू त्याची, डावी माझी, कवटी आळीपाळीनं. शहात्तरच्या दिवाळीत कवटीची पाळी माझी होती. शरीरशास्त्रात मी एकदा आपटलो होतो, म्हणून कवटी आणि माझी डावी बाजू पोत्यात घालून नागपूरहून सानगडीला घरी आणली.

माझी माय, रंभाबाई, हिनं पोतं उघडलंच. वाटलं, आता बोंब मारेल. पण तिनं शांतपणे विचारलं, "कोण होय हा?"

"बेवारशी आहे, माय."

"बेवारशी कायचा? आता आपल्या घरी आला ना!"

पाहुण्याच्या आधी आमच्या घरी कुणी घास घेत नाही. मायनं कवटीपुढे भाताचं ताट वाढलं. मी पोट धरून हसलो. दुपारी ताट तसंच होतं.

"कसा जेवन तो? डावाच हात आणला तू. उजवा कुठं आहे?"

"नागपूरले. तुलारामच्या पेटीत."

"वावराची वाटणी करावं तसा माणूस वाटला का रे तुम्ही?" माय संतापली. मग हळूच म्हणाली, "राहू दे. माह्या हातानं जेवन."

त्या दिवसापासून ती उजव्या हातानं त्या जबड्याला घास भरवू लागली. खाली सांडलेला भात मांजर खायची, हे मी स्वतः पाहिलं. निदान पहिल्या दिवशी तरी.

भाऊबीज झाली, धानाची कापणी लागली. धानाच्या बांधीत मायच्या उजव्या हातून विळा गळून पडला. हात नुसता लोंबत राहिला. त्या हातातल्या प्रत्येक हाडाचं, प्रत्येक नसेचं नाव मला पाठ होतं, आणि त्यापलीकडे काडीचंही कळत नव्हतं. साकोलीचे डॉक्टर म्हणाले, लकवा असेल. पण तोंड सरळ, पाय धड, म्हणून त्यांनी नुसत्या ताकदीच्या गोळ्या दिल्या. बाप केव्हाच गेलेला, त्या एका हातावर आमचं घर उभं होतं. मी पार घाबरलो.

"उसना देला मी त्याले," माय म्हणाली. "त्याचा आणून दे. मंग तो माहा परत करन."

होऊ घातलेला डॉक्टर मी, पण निमूटपणे नागपूरची एसटी पकडली. तुलाराम होस्टेलवरच होता. "सुट्टी लागल्यापासून उघडलीच नाही," म्हणत त्यानं पेटीचं कुलूप काढलं.

तारेत ओवलेला उजवा पंजा वरच होता. बोटांच्या हाडांमध्ये भात चिकटला होता. मऊ, ताजा. आमच्या घरच्या चिन्नोर तांदळाचा वास मी ओळखणार नाही तर कोण?

"हे काय रे?" तुलारामनं विचारलं. मी उजवी बाजू पोत्यात भरू लागलो.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी उजवी बाजू डावीशेजारी नीट मांडली, ताट वाढलं. माय समोर बसली.

"घे बापा, तुहा हात आला. आता माहा दे."

बराच वेळ काहीच झालं नाही. मग मायची बोटं हलली. हात ताटात गेला, त्यानं भात कालवला, घास केला. आनंदानं माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

"माय, आला तुहा हात! खा आता!"

हात वर उठला. मायच्या तोंडाजवळून पुढं गेला आणि कवटीच्या जबड्याशी जाऊन थांबला. माय डोळे फाडून त्या हाताकडे पाहत होती. माय घाबरलेली मी तेव्हा पहिल्यांदा पाहिली.

"बाबू," ती म्हणाली, "मी नाही हालवून राहिली."