हिमबाबांची माती

सभागृहात मुंगी शिरायला जागा नव्हती. हिमबाबांनी पाण्याच्या बाटलीत चिमूटभर माती टाकली आणि सगळ्यांच्या डोळ्यांदेखत पाणी गोठलं. टाळ्यांचा नुसता कडकडाट!

“ही वाळवंटातली माती. हिच्यात माझं तप आहे,” बाबा म्हणाले. “पाणी हिचं ऐकतं, तिथे तुमच्या रोगाची काय बिशाद! पण औषध घेतलंत, तर माती रुसते हं!”

विज्ञान शिकवणाऱ्या बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. मनातल्या मनात त्या बाबांना फ्रीजबाबाच म्हणत होत्या. शेजारी धाकटी बहीण लेकीला मांडीवर घेऊन, मातीची पुडी मुठीत धरून बसली होती. तिच्या मुलीच्या फिट्स गोळ्यांनी आटोक्यात होत्या आणि आजपासून गोळ्या बंद करायच्या असं तिने ठरवलं होतं.

“ताई, आता तरी पटलं? डोळ्यांनी बघितलंस ना?”

“बघितलं. चेला बाटली अंडी आणल्यासारखी जपून आणतो, तेही बघितलं.”

बाई थेट मंचावर चढल्या. “बाबा, मी दुसरी माती टाकून बघू?”

“खुशाल टाका! तप कुठून आणाल?” बाबा हसले. आपल्या मातीचा गुण दुसऱ्या कशात नाही, असं त्या गृहस्थाला खरोखरच वाटत असावं.

परवाच्या वादळाने गावभर तांबूस धूळ पसरली होती. बायका पुसून पुसून वैतागल्या होत्या. बाईंनी खिडकीच्या कट्ट्यावरची तीच धूळ बोटाने खरवडली आणि चेल्याने आणलेल्या नव्या बाटलीत अलगद सोडली. पांढरे धागे सरसर खाली धावले. पाणी गोठलं.

“हिने कुठे तप केलं, बाबा? वाळवंटातून वाऱ्यावर आली बिचारी!”

बाईंनी मंचामागची पेटी उघडली. आत बर्फ, त्यावर खडेमीठ आणि मध्ये बाटल्या.

“मिठामुळे हा बर्फ आणखी थंड होतो. त्यात न हलवता ठेवलेलं स्वच्छ पाणी शून्याखाली जाऊनही पातळच राहतं. गोठायला त्याला कुठेतरी सुरुवात लागते, ती धुळीचा कण देतो. ढगातही हेच चालतं. वाळवंटाची धूळ वर जाते, गार थेंबांना भिडते आणि थेंबांचा बर्फ होतो. तिथे कोणी बाबा बसलेला नसतो!”

“त्या धुळीतही माझाच आशीर्वाद...” बाबा पुटपुटले. कोणीतरी फिदीफिदी हसलं. तरी निम्मे लोक पुड्यांच्या रांगेतून हलले नाहीत. बाईंना त्यांची चीड आली, पण बहिणीकडे पाहून जास्त भीती वाटली.

“ताई, पण पाणी गोठलं ते खरंच ना?”

“गोठलं ते खरं. त्याने सांगितलेलं कारण खोटं. गोळी बंद केलीस तर फिट येईल, आणि तेव्हा हा माणूस दुसऱ्या गावात बाटल्या गोठवत असेल.”

बहीण रडू लागली. मग तिने पुडी खाली टाकली, पर्समधली गोळी काढली आणि लेकीला साध्या पाण्याबरोबर दिली.

चमत्कार दिसला तर जरूर बघा. पण हात जोडण्याआधी पेटी उघडून दाखवायला सांगा. जो दाखवणार नाही, त्याच्या शब्दावर आपल्या लेकराचं औषध बंद करू नका.