सात नंबरचं सॉल्ट

ही दोन हजार तेवीस सालची गोष्ट. बारावीच्या पुरवणी परीक्षेतल्या केमिस्ट्रीच्या प्रॅक्टिकलला अठरा दिवस उरले होते, आणि सोलापूरच्या भवानी पेठेत चांगुणाबाईंच्या माळ्यावरच्या खोलीत भाड्याने राहणारी सोनम पुस्तक तोंडावर घेऊन पडली होती.

पोरगी सांगोल्याकडची. वडील मायाप्पा मेंढरं राखायचे, शिवाय त्यांची थोडी डाळिंबाची बाग होती. फेब्रुवारीत ऐन प्रॅक्टिकलच्या दिवशी सोनमला कावीळ झाली. ती परीक्षा बुडाली, आणि लेखीत पडले एकोणीस. बाकी सगळे विषय सुटले, एकटी केमिस्ट्री अडली. नर्सिंगचा अर्ज भरून ठेवलेला होता. पुरवणीत पस्तीस पडले तर यंदा प्रवेश, नाहीतर वर्ष गेलं.

"सोनम, खाली ये," चांगुणाबाईंनी जिन्यातून हाक दिली. "पुस्तक घेऊन ये."

"मावशी, तुमी काय करणार पुस्तकाचं?"

"पुस्तक तू बघ. बाटल्यांचं मी बघते."

चांगुणाबाई सातवी शिकलेल्या. पण एकोणीसशे शहाऐंशी साली त्या एका कॉलेजच्या केमिस्ट्रीच्या प्रयोगशाळेत परिचर म्हणून लागल्या आणि तेहेतीस वर्षं तिथेच राहिल्या. सडक्या अंड्यासारख्या वासाचा गॅस काचेच्या भांड्यात बनायचा त्या काळापासून त्यांनी सगळं पाहिलं होतं. कुठल्या बाटलीचं बूच अडकतं, कुठलं द्रावण उन्हात ठेवलं की काळं पडतं, कुठल्या ॲसिडने पदराला भोक पडतं, हे त्यांच्या हातांना ठाऊक होतं. का ते मात्र त्यांना कधी कुणी सांगितलं नव्हतं. सोनमचं बरोबर उलटं. तिला सगळे 'का' पाठ होते, पण बाटली तिने जेमतेम दोनदा हातात धरलेली.

धोंडिराम, म्हणजे चांगुणाबाईंचे यजमान, पडवीत टॉवेलच्या घड्या घालत बसले होते. मिल बंद पडल्यापासून शेजारच्या कारखान्याचा माल ते घरी बसून बांधून द्यायचे. ते हसून म्हणाले, "अगं, एवढा खटाटोप कशाला? सिद्धराम आहे की लॅबमधे. कानात सांगेल सॉल्टचं नाव."

"सांगेल तेव्हा सांगेल. आधी तिला शिकू दे," चांगुणाबाई म्हणाल्या. पण खरं सांगायचं तर त्यांच्याही मनात सिद्धराम, त्यांच्याच हाताखाली तयार झालेला परिचर, होताच.

पहिल्या दिवशी गाडी मोलवर अडली. सोनमने डोळे मिटून घडाघडा म्हणून दाखवलं, सहा पूर्णांक शून्य दोन दोन गुणिले दहाचा तेविसावा घात.

"म्हणजे काय गं?"

"म्हणजे... तेवढे कण, मावशी."

"मला आकडे वेगळेच माहीत आहेत. सर सांगायचे, एक मोल कॉस्टिक घ्या, की मी चाळीस ग्रॅम तोलायची. एक मोल ऑक्झॅलिक म्हटलं की एकशे सव्वीस. मोरचुदाला अडीचशेला अर्धा कमी. एकाच मापाला दर वेळी वेगळं वजन! मला वाटायचं, सरांची लहर."

सोनमची नजर धोंडिरामांच्या गठ्ठ्यांकडे गेली. एका बाजूला हातरुमालांचे डझन, दुसऱ्या बाजूला चादरींचे डझन. रुमालांचा गठ्ठा एका हातात मावणारा. चादरींचा उचलायचा तर कंबर धरावी लागेल असा.

"काका! त्या दोन्ही गठ्ठ्यांत नग किती?"

"बारा बारा. डझनच बांधतो मी."

"आन् वजन?"

"वजन कसं सारखं असेल? खुळी का काय तू!"

सोनम ताडकन उठली. "मावशी, मोल म्हंजी डझन हाय! लई मोठा डझन! चाळीस ग्रॅम कॉस्टिक आन् एकशे सव्वीस ग्रॅम ऑक्झॅलिक, दोन्हीत नग सारखेच. एकाचा नग रुमालावानी हलका, दुसऱ्याचा चादरीवानी जड!"

चांगुणाबाई हळूच म्हणाल्या, "म्हणजे तेहेतीस वर्षं मी डझनंच तोलत होते?"

"व्हय की!"

"आणि एकानेही सांगितलं नाही मेल्यांनी!" असं म्हणून त्या इतक्या हसल्या की धोंडिरामांच्या हातातली घडी मोडली.

त्या दिवसापासून घराची कळाच बदलली. हळदीच्या पाण्यात साबण टाकला की लाल, लिंबू पिळलं की पुन्हा पिवळं. ॲसिड आणि बेस सकाळच्या चहाआधी झाले. एक मोठा टॉवेल आणि दोन नॅपकिन असा संच बांधताना नॅपकिन आधी संपले, टॉवेल उरले, तर कुणामुळे काम अडलं? नॅपकिनमुळे. सोनमने वहीत रासायनिक समीकरण मांडलं, आधी संपणाऱ्या पदार्थाखाली रेघ ओढली आणि शेजारी नॅपकिनचं चित्र काढलं. रासायनिक समतोल काही केल्या दोघींच्या डोक्यात शिरेना, तेव्हा त्या संध्याकाळी भाजी आणायला म्हणून नवी पेठेत गेल्या आणि एका कापडाच्या दुकानासमोर अर्धा तास उभ्या राहिल्या. जेवढी गिऱ्हाइकं आत जात तेवढीच बाहेर येत. आतली गर्दी तेवढीच दिसे, पण माणसं सारखी बदलत. दुकानदाराने शेवटी विचारलं, "ताई, काही घ्यायचं आहे का?" सोनम म्हणाली, "न्हाय, घेतलं." भाजी आणायची तशीच राहून गेली.

सॉल्ट ओळखायला घरी सामान नव्हतं. ते चांगुणाबाईंनी तोंडी शिकवलं. "तार ॲसिडमधे बुडवायची, सॉल्टला लावायची, ज्योतीच्या कडेला धरायची. बेरियम असेल तर पोपटाच्या पंखासारखं हिरवं. कॅल्शियम विटेसारखं. स्ट्रॉन्शियम मात्र लालभडक, ओल्या कुंकवासारखं. एकदा बघितलं की विसरत नाही माणूस." मग ज्योतीवर न थांबता पुढच्या चाचण्या कुठल्या, कुठल्या क्रमाने, हे सोनम पुस्तकातून म्हणे, आणि चांगुणाबाई रिकाम्या पेल्यावर हात कसा धरायचा ते दाखवत. "नाक नळीवर नेऊ नकोस. हाताने वारा घाल वासाला."

बाराव्या दिवशी मायाप्पा आले. डाळिंबाच्या फवारणीसाठी मोरचूद घ्यायला ते सोलापूरला आले होते. डोक्याला फेटा, पिशवीत निळ्या खड्यांची पुडी.

"कसं काय चाललंय पोरी? सुटतंय का न्हाय?"

"आबा, आज रेडॉक्स. लई अवघड हाय. कोण इलेक्ट्रॉन देतं, कोण घेतं, डोस्क्यात ऱ्हात न्हाय."

मायाप्पांना त्यातलं काही कळलं नाही. त्यांची नजर टेबलावरच्या पेल्यात गेली. चांगुणाबाईंनी पुडीतला एक खडा मागून घेऊन पाण्यात विरघळवला होता. निळंशार पाणी बघून मायाप्पा म्हणाले, "चुना कुटं हाय ह्यात? असंच मारलं तर पानं करपत्याल. आमी आधी विळा बुडवून बघतो. विळा तांबूस झाला की समजायचं चुना कमी पडला."

सोनम पेल्याजवळ सरकली. "विळा तांबूस का होतो, आबा?"

"व्हतो. तू ल्हानपणापास्नं बघतियास की."

चांगुणाबाईंनी भाजी चिरायची लोखंडी सुरी आणून पेल्यात उभी केली. तिघं तिच्याकडे बघत बसले. दोन मिनिटांनी बाहेर काढली तर पातं बुडालं होतं तिथपर्यंत त्याच्यावर तांबूस थर चढलेला.

"तांबं!" सोनम ओरडलीच. "आबा, हे तांबं हाय! लोखंड दोन इलेक्ट्रॉन देतं आन् पाण्यात जातं. मोरचुदातलं तांबं ते घेतं आन् बाहेर येऊन बसतं. हेच रेडॉक्स! मी सात वर्षांची असल्यापासून बघतिया!"

"कोण कुणाला देतंय म्हणालीस?"

"लोखंड तांब्याला."

"बरं हाय त्यांचं," मायाप्पा फेटा सावरत म्हणाले. "आमच्या भावकीत कोण कुणाला काय देत न्हाय."

प्रॅक्टिकलचा दिवस उजाडला. सोनमचं केंद्र चांगुणाबाईंच्या जुन्या कॉलेजातच होतं, आणि आदल्या दिवशी तिथून त्यांना निरोप आला होता. परिचर कमी पडतात, एक दिवस या. त्यांनी सांगून टाकलं की माझ्याकडे राहणारी मुलगी परीक्षेला आहे. "मग तुम्ही नळावरच थांबा, काचसामान धुवा," असं ठरलं.

बाहेरून परीक्षक आले होते वीरभद्रप्पा सर. अक्कलकोटकडचे, उंच, चष्मा नाकाच्या शेंड्यावर. ते दाराशी हजेरी घेत होते तेवढ्यात सिद्धराम रांगांमधून फिरला. त्याच्या हातात टेस्ट ट्यूबचा स्टँड होता. तो ठेवण्याच्या निमित्ताने तो प्रत्येकाशेजारी वाकत होता. चांगुणाबाईंना दुसऱ्या टोकावरून त्याचे ओठ नुसते हललेले दिसले, तरी शब्द कळला. ही पद्धत त्यांचीच. गरिबाचं पोर आहे, नापास होऊ नये, म्हणून त्यांनी पंचवीस वर्षं हेच केलं होतं, आणि सिद्धराम नवा लागला तेव्हा त्यालाही शिकवलं होतं.

सोनमच्या रांगेत चौघांना सात नंबरचं सॉल्ट आलं. सिद्धराम पुटपुटला, "सात नंबर. बेरियम क्लोराइड."

बाकी तिघांनी लगेच खाली मान घालून लिहायला घेतलं. ज्योत हिरवी, अमुक साका पिवळा, तमुक पांढरा. एकाने बर्नर पेटवलासुद्धा नाही. सोनमनेही पेन उचललं. मग खाली ठेवलं. तिने तार घेतली, ॲसिडमधे बुडवली, सॉल्टला लावली आणि ज्योतीच्या कडेला धरली.

ज्योत लाल झाली. लालभडक.

नळाशी उभ्या चांगुणाबाईंनी नळी धुता धुता मान वर केली. तो रंग त्यांनी कुठेही ओळखला असता. हे बेरियम नव्हे. बाटल्यांचे नंबर बदलले होते आणि सिद्धरामची यादी जुनी होती.

सोनमने वर बघितलं. आधी सिद्धरामकडे, मग थेट चांगुणाबाईंकडे. तिच्या चेहऱ्यावर सरळ प्रश्न होता. एकदा मान हलवली असती तरी पुरे होतं. पंचवीस वर्षं त्यांनी किती माना हलवल्या होत्या! त्यांनी नळ मोठा सोडला आणि पाठ फिरवून ट्यूब घासायला लागल्या.

मागे काय चाललंय ते त्यांना फक्त आवाजावरून कळत होतं. तार पुन्हा ॲसिडमधे. पुन्हा ज्योत. ड्रॉपरचा टिकटिक आवाज. हे क्रोमेट असेल. बेरियम असतं तर पिवळा साका बसला असता. मग दुसरी बाटली, दुसरा ड्रॉपर. अमोनियम सल्फेट? चांगुणाबाईंनी एकच ट्यूब चार वेळा धुतली.

"हे काय?" वीरभद्रप्पा सरांचा आवाज आला. "ह्या रांगेत सगळे बेरियम म्हणतात. तू एकटी स्ट्रॉन्शियम कसं काय लिहिलंस?"

"ज्योत लाल आली, सर."

"कॅल्शियमची पण लालच येते."

"ती विटेसारखी असते, सर. ही कुंकवासारखी हाय. आन् क्रोमेटनं पिवळं झालं न्हाय, म्हणून बेरियम न्हाय. अमोनियम सल्फेटनं पांढरा साका आला. कॅल्शियम असतं तर तितं काय आलं नसतं."

"दाखव परत."

आता मात्र चांगुणाबाई वळल्या. सोनमने तार ज्योतीत धरली. आख्खा हॉल बघत होता. लाल ज्योत वर उसळली, आणि तीन पोरांनी एकाच वेळी खोडायला सुरुवात केली.

"पेनं खाली!" सर गरजले. मग चष्म्यावरून सिद्धरामकडे बघत म्हणाले, "सकाळी सगळ्या बाटल्यांचे नंबर मीच बदलले. मला बघायचं होतं, इथे ज्योत कोण पेटवतं." सिद्धरामचा चेहरा पडला. सर पुन्हा सोनमकडे वळले. "बरं, मोल म्हणजे काय?"

"डझन, सर."

"काय?"

सोनमने रुमाल आणि चादरी सांगितल्या. सर पहिल्यांदा हसले. "हे कुठल्या पुस्तकात आहे?"

"भवानी पेठेत हाय, सर."

दुपारी हॉल रिकामा झाल्यावर सिद्धराम नळापाशी आला. "ताई, माझ्यामुळे तीन पोरं बुडाली."

"तुझ्यामुळे नाही. ही खोड मी लावली तुला," चांगुणाबाई म्हणाल्या. "मला वाटायचं, पुण्य करतेय. पोरांना ज्योतच बघू देत नव्हते मी." बोलता बोलताच त्या गेटकडे निघाल्या. गेटबाहेर सोनम उभी होती. तिने त्यांचे दोन्ही हात धरले आणि भर रस्त्यात गरगरा फिरवलं. रिक्षावाले थांबून बघायला लागले.

पाच दिवसांनी लेखी परीक्षा झाली. निकाल ऑगस्टच्या शेवटी लागला. प्रॅक्टिकलला तीसपैकी सत्तावीस, लेखीला एकतीस. एकूण अठ्ठावन्न.

सोनमला त्याच वर्षी नर्सिंगला प्रवेश मिळाला. आता ती शेवटच्या वर्षाला आहे, आणि औषधाची बाटली दोनदा वाचल्याशिवाय उघडत नाही म्हणून सिस्टर लोक तिला चिडवतात. त्या रांगेतल्या तिघांपैकी दोघं पुढच्या खेपेला पास झाले. तिसऱ्याने वडिलांचं दुकान सांभाळायला घेतलं आणि तो तिथे सुखी आहे. मायाप्पांनी मेंढरं कमी करून बाग वाढवली. वीरभद्रप्पा सर पुढच्या वर्षी निवृत्त झाले. सिद्धराम अजून त्याच प्रयोगशाळेत आहे. परीक्षेच्या आधी आठ दिवस तो स्वतः बर्नर पेटवून पोरांना सगळे रंग दाखवतो, आणि परीक्षेच्या दिवशी तोंड बंद ठेवतो. धोंडिराम मागच्या उन्हाळ्यात गेले. शेवटच्या महिन्यापर्यंत डझन बांधत होते. चांगुणाबाईंनी बाहेरून बसण्यासाठीचा सतरा नंबरचा फॉर्म भरून चौसष्टाव्या वर्षी दहावीची परीक्षा दिली. विज्ञानात त्यांना एकाहत्तर पडले, इंग्रजीत काठावर पस्तीस. सध्या त्या अकरावीच्या पुस्तकातला केमिस्ट्रीचा पहिला धडा वाचताहेत.