चाकांचं स्टूल

“आधी गाठ मार,” हे म्हणाले.

मुलाने चाकांची खुर्ची नुकतीच दारातून आत ढकलली होती. सून तिच्यावरचं प्लास्टिक काढायला वाकली आणि माझ्याकडे बघून तशीच थांबली.

गाठीचा नियम माझा. शाळा मी तीन यत्ता शिकले, पण या घरात पैसा टिकवायला मीच शिकवलं. कोणाला काही घ्यावंसं वाटलं, की ओट्यावरच्या सुतळीला गाठ मारायची आणि महिनाभर गप्प बसायचं. महिन्यानंतरही हवंसं वाटलं तर आपण होऊन मागायचं, मगच पैसे. लेकीच्या उंच टाचांच्या चपला, मुलाचा गॉगल, सगळं विसरलं गेलं. दहातल्या नऊ गाठी मी हसत सोडल्या. त्यातूनच या दोन खोल्या झाल्या. शेजारणी मला ‘कुलूप’ म्हणायच्या. मी ते मिरवलं.

हे न्हावी. चाळीस वर्षं दुकानात खुर्ची होती, पण ती गिऱ्हाइकाची. एकदा म्हणाले, “पाय भरून येतात गं. चाकांचं स्टूल मिळतं, बसून केस कापता येतात.”

“बसून कापणाऱ्याकडे कोण फिरकणार? मारा गाठ.”

यांनी मारली. महिना उलटला तरी मागितलं नाही. मी तरी कशाला आठवण करू? पुढच्या वर्षी पुन्हा तेच. तिसऱ्यांदा गाठ मारायला आले तेव्हा मी म्हटलं, “दोनदा विसरलात. म्हणजे नकोच होतं की!”

हे हसले. गाठ न मारताच दुकानात गेले.

मग पायाच्या शिरा फुगल्या, जखम झाली, ती चिघळली. मागच्या महिन्यात उजवा पाय गुडघ्यापासून काढला. माझी सगळी शिल्लक दवाखान्याने आठ दिवसांत गिळली.

“बाबा, ही काय चेष्टेची वेळ आहे?” मुलगा म्हणाला.

“चेष्टा कसली? घरचा नियम आहे. विचार तुझ्या आईला.”

मी ओट्यापाशी गेले, सुतळी ओढली. गाठ मारली.

तेव्हापासून खुर्ची दाराशी उभी आहे, प्लास्टिकसकट. मी ती रोज पुसते. हे भिंतीला धरून, एका पायावर उड्या मारत मोरीपर्यंत जातात. मी हात पुढे केला की म्हणतात, “सर बाजूला.”

काल दुपारी यांचा डोळा लागलेला बघून मी सुतळीपाशी गेले. नखं लावली, मग दात लावले. माझ्याच हातची गाठ, सुटेना.

“राहू दे,” मागून आवाज आला. “अजून तीन दिवस आहेत.”