गुलाबी पान

नुसरत महमूद आणि मी, ग्लेंडा हार्टली, नऊ वर्षं समोरासमोरच्या टेबलांवर बसलो. नऊ वर्षं मी तिच्यावर जळत होते आणि तिला रोज चहा करून देत होते. नगरपालिकेच्या घरांचे भाडेकरू तक्रारी घेऊन पहिल्या मजल्यावरच्या आमच्या ऑफिसात यायचे. छत गळतंय, बॉयलर बंद पडलाय, शेजारचा कुत्रा भुंकतोय. माझं टेबल दारापाशी, तरी माणूस मला ओलांडून विचारायचा, "नुसरत आहे का?" नाताळात तिच्या टेबलावर चॉकलेटचे डबे रचलेले असायचे. मला एकदा साबणाची वडी मिळाली होती. तीही वापरलेली असावी असा मला अजून संशय आहे.

मग आमच्या प्रमुख बाई निवृत्त झाल्या आणि जागेची जाहिरात निघाली. ती खुर्ची मला हवी होती. मी तिच्याआधी चार वर्षं लागलेली. मनात मी केव्हाच त्या खोलीचे पडदे बदलले होते. नुसरतनेही अर्ज नेला.

आमच्याकडच्या अर्जाला शेवटी एक गुलाबी पान असतं. तुमचं वय, वंश, धर्म, अपंगत्व आहे का, पुरुष आवडतात की बायका, सगळं तिथे चौकटींत खूण करून सांगायचं. सांगायचं नसेल तर नका सांगू, सक्ती नाही. अर्ज आला की ते पान फाडून वेगळ्या पेटीत टाकायचं. पेटी मुख्य कचेरीत जाते आणि तिथे कोणीतरी कुठल्या गटाचे किती, अशी डोकी मोजतं. निवड करणाऱ्यांनी ते पान बघायचं नाही, असा कडक नियम. आमच्या ऑफिसात पाकिटं फोडून गुलाबी पानं फाडायचं काम कोणाचं? माझं. तेरा वर्षं.

नियमाने या खेपेला पाकिटांना मी हात लावायला नको होता, कारण मीही उमेदवार होते. पण आमचा साहेब डेरेक आळशी. "तूच फोड गं ग्लेंडा, तुझ्यावर नाही तर कोणावर विश्वास ठेवायचा?" असं म्हणून तो सँडविच आणायला गेला.

मी आधी नुसरतचं पाकीट फोडलं. तिने कुठकुठल्या चौकटी भरल्यात ते मला डोळ्यांनी बघायचं होतं. पाकिटात गुलाबी पान नव्हतंच. तिने ते काढूनच अर्ज पाठवला होता. मला आनंद व्हायला हवा होता, पण उलट रागच आला. दोष द्यायला हाताशी काहीच उरलं नाही. मग तिचा अर्जही वाचला. भाडेकरूंबद्दल तिने इतकं साधं आणि नेमकं लिहिलं होतं की मी ते पुन्हा वाचलं. मी त्याच रकान्यात 'मेहनती व वक्तशीर' असं लिहिलं होतं.

त्याच दुपारी चहाच्या खोलीत आमच्याच ऑफिसातली मार्जरी म्हणाली, "होईल गं तुझंच."

"माझं कसलं होतंय!" मी म्हटलं. "आजकाल कामाकडे बघतंय कोण? चौकटी बघतात चौकटी! तिच्या सगळ्या भरलेल्या असणार. माझ्यात काय आहे? गोरी, बाई, वर्षातून एकदा चर्चला जाते."

"हो बाई, खरंय," मार्जरी म्हणाली आणि बिस्कीट बुडवून खाल्लं.

मी खोटं बोलत होते हे मला माहीत होतं. पाकीट फोडून दोन तासही झाले नव्हते. पण मत्सराची मजा अशी की एकदा तोंडातून निघालं की ते आपल्यालाच पटायला लागतं. चार वाजेपर्यंत मला खात्री झाली की चौकटींवरच सगळं ठरतं. मग मी माझा अर्ज काढला. गुलाबी पानावर 'अपंगत्व आहे का' याखाली 'नाही' असं होतं. ते खोडलं, 'होय'वर खूण केली आणि बाजूला लिहिलं, 'डावा गुडघा'. आणि ते पान फाडलं नाही. विसरल्यासारखं करून अर्जाला तसंच ठेवलं.

मुलाखत तिसऱ्या मजल्यावर होती. लिफ्ट बंद होती. मी जिने चढून वेळेआधी दहा मिनिटं पोचले, धापही लागली नव्हती. डेरेकशेजारी मुख्य कचेरीतून आलेल्या एक बाई होत्या. त्या माझ्या पायांकडे बघून मायेने म्हणाल्या, "अरेरे, तुम्ही चढून आलात? आधी सांगायचं ना, आम्ही खाली आलो असतो." डेरेकने घडी घातलेला गुलाबी कागद टेबलावरून माझ्याकडे सरकवला. "हे चुकून राहिलं असेल. तुझ्याकडून असं कधी होत नाही, ग्लेंडा." मी पुढे काय उत्तरं दिली ते आठवत नाही.

जागा नुसरतला मिळाली.

शुक्रवारी चहाच्या खोलीत आम्ही दोघीच होतो. मी गप्प बसायला हवं होतं. "अभिनंदन हं," मी म्हटलं. "चौकटी कामी आल्या म्हणायच्या."

तिने किटली खाली ठेवली. "मी ते पान पाठवलंच नव्हतं, ग्लेंडा. का, सांगू? म्हटलं, या खोलीत कोणाला असं बोलायला जागाच नको. पाकीट तूच फोडलंस. तुला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. तरी तू मार्जरीला उलटंच सांगितलंस."

निवड करणाऱ्यांसमोर गेलेलं एकमेव गुलाबी पान माझं होतं.

"आणि डेरेकने मला तुझ्या गुडघ्याचं सांगितलं," ती पुढे म्हणाली. "आता तुझी काळजी घेणं माझं काम आहे. सोमवारपासून तुझं टेबल तळमजल्यावर. जिना नको तुला."

गुडघा ठणठणीत आहे असं म्हणावं, तर अर्जात खोटं लिहिल्याबद्दल नोकरीच जायची. मी म्हटलं, "फार बरं होईल गं."

तेव्हापासून मी खाली बसते. लोक येतात, "नुसरत कुठे बसते?" विचारतात आणि मी वर बोट दाखवते. बाकीचा वेळ लंगडते. मध्यंतरी घाईत होते, हातात फायलींचा गठ्ठा होता, आणि चुकून उजव्या पायाने लंगडले. नुसरत जिन्याच्या शेवटच्या पायरीवर उभी होती. तिने आधी माझ्या एका पायाकडे बघितलं, मग दुसऱ्याकडे. बाजूला सरकली, माझ्यासाठी दार उघडून धरलं, आणि मी लंगडत आत जाईपर्यंत ते तसंच धरून ठेवलं.