पिंपळखेडच्या हौदाचा अर्धा वाटा

मित्रांनो, बाळापूरहून अकोल्याकडे जाताना पिंपळखेडच्या विहिरीपाशी काळ्या दगडाचा एक जुना हौद दिसतो. तो मी.

पार्वताबाई नावाच्या विधवा बाईमुळे माझा जन्म झाला. तिला मूलबाळ नव्हते. आपली बारा एकर काळी जमीन तिने नागपूरच्या सरकारच्या हवाली केली. जमिनीचे उत्पन्न दरसाल आमच्या लोकल बोर्डाला मिळावे आणि त्यातून मुक्या जनावरांना पाणी पाजावे, एवढीच तिची अट होती. माझ्यावर नेमलेल्या नत्थुजीचा पगारही त्यातूनच निघे. तो रोज सकाळी विहिरीचे पाणी ओढून मला काठोकाठ भरी. कापसाच्या गाड्यांचे बैल येत, सावरगावची ढोरे तर तीन कोस चालत येत. दिवसभर माझ्याभोवती घुंगरे वाजत. लोक कौतुक करीत आणि मी फुगून जाई.

एका वैशाखात सावरगावची जयवंता एकटीच आली. हातात नुसते दावे होते.

“बैल कुठं हाये, बाई?” नत्थुजीने विचारले.

“वाटेतच पडला, भाऊ. मंग उठलाच नाही.”

नत्थुजी त्या दिवशी जेवला नाही. पुढच्या बैठकीत तो बोर्डापुढे उभा राहिला. “पार्वताबाईच्या जमिनीचं अर्धं उत्पन्न सावरगावले द्या. तिथं हौद बांधा.”

“मंग तुहा पगार कुठून देऊ?” अध्यक्ष खुशालराव म्हणाले.

“मलेबी अर्धाच द्या. इथं दिवसाआड भरीन.”

वर्षभराने नागपूरची मंजुरी आली. सावरगावला हौद झाला. खरे सांगतो, मला आनंद झाला नाही. तिकडची ढोरे यायची थांबली. मला भरताना नत्थुजी पुटपुटे, “तिकडची ढोरं जगून राहिली ना, बाप्पा.”

पुढे कापूस मोटारलॉरीतून जाऊ लागला. नत्थुजी थकला आणि एक दिवस आलाच नाही. अर्ध्या पगारावर दुसरा कोणी मिळाला नाही. आता माझ्यात पाचोळा साचतो, सांधे उकलले आहेत. कुणी विचारीत नाही.

मित्रांनो, जमलेच तर माझ्यात दोन बादल्या पाणी ओता. पण आधी सावरगावला जाऊन या. तिथला हौद मी कधी पाहिलेला नाही. तो कोरडा असेल, तर पहिली बादली त्याला द्या.